पोळी त्यालाच तोडू द्या

आज साताऱ्याला नणंदेकडे सत्यनारायण होता. मी पाच मिनिटं वाढायला उठले, परत येऊन बघते तर नवऱ्याच्या आत्या माझ्या लेकाला, चिकूला, वरणभात कालवून भरवतायत आणि पोळीचे बारीक बारीक तुकडे करून ताटात रचून ठेवलेत. म्हटलं, आत्या, तो खातो की हाताने. तर म्हणाल्या, "असू दे गं, देवाघरचं फूल ते, त्याला कशाला कष्ट." पंगतीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण हसले. स्वतःच्या त्या हसण्याचाच जास्त राग येतोय.

त्या पोळीच्या एका तुकड्यामागे आमचे 7 महिने गेलेत हो!

चिकू 6 वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम. 21 व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती, त्यामुळे स्नायू मुळातच सैल, बोटं आखूड, चिमटीत जोरच येत नाही. आपण एका हाताने पोळी कशी तोडतो कधी नीट बघितलंय? मधल्या बोटांनी दाबून धरायची आणि अंगठा-तर्जनीने फाडायची. मीपण कधी बघितलं नव्हतं. थेरपिस्ट म्हणाल्या, शेवटाकडून शिकवा, आणि त्याला आधी दोन्ही हात वापरू दे. म्हणजे तुकडा मी जवळजवळ पूर्ण तोडायचा, नुसता एका टोकाला लटकत ठेवायचा, शेवटचा हिसका त्याचा. तुकडा हातात आला की तो त्यानेच तोडलेला. मग पुढच्या आठवड्यात मी थोडा कमी तोडायचा. फुलक्यापासून सुरुवात केली, तूप लावलेल्या. मधल्या वेळात कणकेचे गोळे चिमटायचे, पेपर फाडायचा. इतका पेपर फाडला की रद्दीवाल्याने विचारलं, काकू घरात उंदीर झालेत का.

आणि प्लीज खाली "किती पेशन्स गं तुझ्यात" लिहू नका. नाहीये पेशन्स. मुलाला स्वतःला करू द्यायला आपण नुसतं थांबायचं असतं आणि तेच कुणाला जमत नाही. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 चे 21 केले, चांगलं केलं, आमच्याकडे युडीआयडी कार्डपण (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आहे, पण पंगतीत ते कार्ड कुणाला दाखवू की बाई हात मागे घ्या म्हणून?

एका दिवसाने काय बिघडतं म्हणाल तर हो, नाही बिघडत फार. शाळेची रिक्षा खाली हॉर्न मारत असते तेव्हा त्याचे बूट मीच खस्सकन चढवते. पण आत्यांनी घास पुढे केल्यावर चिकूने काय केलं माहितीये? दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि आ केला. इतक्या पटकन! 7 महिन्यांत शिकलेलं सोडायला त्याला दोन घास पुरले.

आता लिहिता लिहिता वाटतंय आत्यांचं तरी काय चुकलं. त्यांच्या पिढीत माया हातातूनच जायची. माझ्या नवऱ्यालापण त्यांनीच चौथीपर्यंत भरवलंय म्हणे. (तो अजून स्वतःचा चहाचा कप उचलत नाही, पण तो वेगळा विषय.) पुढच्या वेळी पंगत बसायच्या आधीच त्यांना शेजारी बसवून ती लटकत्या तुकड्याची गंमत दाखवणारे, त्यांना आवडेल ती, मला माहितीये.

आत्ता साडेनऊ वाजलेत, पुण्यात घरी आहोत, चिकू समोर ताटावर बसलाय. मगाशी माझ्याकडे बघून आ केला त्याने, सकाळसारखा. ही पोस्ट एवढी लांबलीये ती त्यासाठीच, हात मोबाईलमध्ये अडकवलेत म्हणजे त्याच्या ताटात जाणार नाहीत. पोळी गार होऊन पापडासारखी झालीये. नवरा दोनदा डोकावून गेला, अगं भरव की. तिकडे बघितलंच नाही मी.

थांबा.

तुटला! अर्धी पोळी एकदम आलीये हातात, तोंडात मावत नाहीये, वरणाची वाटी लवंडली चड्डीवर. जाते, फडकं आणते.