‘मायरा’ हे नाव संस्कृत नाही

बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये ‘मायरा : मूळ संस्कृत, अर्थ प्रिय’ असं सर्रास दिलेलं असतं. ते चूक आहे.

हे नाव इंग्रजी कवितेतून आलं. फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) या कवीने ‘सीलिका’ या काव्यमालेत प्रेयसीसाठी ते वापरलं, आणि ती काव्यमाला त्याच्या मृत्यूनंतर १६३३ साली छापली गेली. त्याला ते कशावरून सुचलं, याचे नुसते तर्कच आहेत. कुणी लॅटिनमधला ‘अद्भुत’ अर्थाचा ‘मिरा’ हा शब्द पुढे करतं, तर कुणी म्हणतं की मेरी (Mary) या नावाचीच अक्षरं उलटसुलट करून त्याने मायरा (Myra) केलं.

आपल्याकडे ‘मायरा’ शब्द आहे, पण राजस्थानात, आणि तो नाव म्हणून नव्हे. भाचीच्या किंवा भाच्याच्या लग्नात मामा आणतो तो आहेर म्हणजे मायरा. नरसी मेहतांच्या मुलीच्या मायऱ्याची कथा तिथे आजही भक्तिभावाने गायली जाते.

नाव छोटं, गोड, मीरा-ताराच्या चालीवरचं आहे, म्हणून आईबापांना आवडतं. जरूर ठेवा. बारशाच्या पत्रिकेवर मात्र ‘संस्कृत’ असं छापू नका. ‘प्रिय’ याच अर्थाचं संस्कृत नाव हवं असेल, तर प्रिया आणि वल्लभा आहेतच.