एक्केचाळिसावा सेकंद

काल संध्याकाळी एका गृहस्थांनी माझ्या गाडीच्या उघड्या खिडकीतून हात आत घातला, किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि "बघा, एवढं सोपं असतं," असे म्हणत ती किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. एक दिवस उलटून गेला तरी तो हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी त्या वेळी एक्केचाळीसपर्यंत पोहोचलो होतो.

मी सेकंद मोजत होतो. टर्बोची गाडी घेतल्यापासून माझ्या आयुष्यात असे मोजण्याचे प्रसंग बरेच वाढले आहेत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चाकाकडून इंजिनात जास्तीची हवा कोंबून घ्यायची, ही टर्बोची युक्ती आल्फ्रेड ब्यूची नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ मध्येच पेटंट करून ठेवली होती. युक्ती काटकसरी आहे, कारण एरवी वाया जाणाऱ्या धुरालाच ती कामाला लावते. परंतु तिची सारी किंमत त्या बिचाऱ्या दांड्याला मोजावी लागते. इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर गेले की आपण घाबरून पाय काढतो. लहान टर्बोचा दांडा मात्र जोरात असताना मिनिटाला १,५०,००० ते २,००,००० फेरे घेत असतो, त्याच्या एका टोकाला पेट्रोल गाडीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला वायू असतो आणि तो ज्यावर तरंगतो तो आधार म्हणजे तेलाचा केसाहूनही पातळ थर असतो. हे तेल इंजिनाचा पंप पुरवतो. इंजिन बंद झाले की पंपही थांबतो, परंतु टर्बोचे तापलेले लोखंड काही त्या क्षणी निवत नाही. मग बेअरिंगपाशी, म्हणजे दांड्याच्या त्या आधारापाशी, अडकलेले तेल तिथल्या तिथे भाजून निघते आणि त्याचा कोळसा होतो. असे वारंवार झाले की तेलाची वाट अरुंद होत जाते आणि एके दिवशी टर्बो शिट्टी वाजवून निरोप घेतो. म्हणून जोरात गाडी चालवून आल्यावर मिनिटभर ती जागेवरच चालू ठेवावी, म्हणजे फिरते तेल आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, तेवढ्या वेळात उष्णता वाहून नेतात. आपण मात्र नुसते बसायचे असते. हे नुसते बसणेच आपल्याकडे कोणाला बघवत नाही.

वरच्या मजल्यावरचे काका अठराव्या सेकंदाला खिडकीशी आले. मी काच उघडी ठेवली होती, ही माझी चूक.

"बरं वाटत नाहीये का?"

"नाही काका, बरा आहे. गाडी जरा थंड करतोय."

"चालू ठेवून?"

या एका शब्दाने मी निम्मा हरलो. हा प्रश्न इतका चोख होता, की त्याचे उत्तर द्यायचे तर आधी निदान दहा मिनिटे प्रस्तावना करावी लागली असती, आणि माझ्याजवळ बेचाळीस सेकंद उरले होते. तरीही मी म्हणालो, "इंजिन नाही, टर्बो थंड करतोय."

"तो कुठे असतो?"

"इंजिनाला लागूनच."

"म्हणजे इंजिनच की." ते खिडकीवर कोपर टेकवून ऐसपैस उभे राहिले. "शेगडी निववायची असली तर आपण ती पेटती ठेवतो का?"

मी त्यांना तेलाचे सांगितले, पंपाचे सांगितले, कोळशाचेही सांगितले. हे सगळे सांगताना मनातल्या मनात सव्वीस, सत्तावीस चालूच होते, त्यामुळे एकदा तोंडातून "दांडा मिनिटाला अठ्ठावीस" असे निघून गेले. काकांना तो आकडा फारच मामुली वाटला. त्यांनी स्वतःच्या गाडीचा दाखला दिला. ती बावीस वर्षांची आहे, तिला टर्बो नाही, तिच्या मालकाने आजवर एकदाही पार्किंगमध्ये बसून आकडे मोजलेले नाहीत आणि ती अजून एका किल्लीत सुरू होते. ज्या गाडीला टर्बोच नाही तिला टर्बो जपण्याची गरज पडली नाही, यात तिच्या मालकाचे कर्तृत्व ते काय, हे माझ्या जिभेवर आले होते. परंतु तेवढ्यात त्यांनी आवाज एकदम खाली आणला, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "घरात काही बिनसलंय का?"

"छे!"

"संकोच करू नका हो. मीसुद्धा एके काळी असाच बसायचो. गाडी बंद करून, दिवे मालवून. अर्धा-अर्धा तास." ते क्षणभर कुठेतरी दूर पाहत राहिले. मला त्यांच्याबद्दल एकाएकी जिव्हाळा वाटू लागला. मी चाळीसवर होतो. "पण पेट्रोल जाळत कधीच नाही बसलो," असे म्हणून त्यांनी हात आत घातला.

किल्ली हातात पडल्यावर मी रागाने थरथरत टर्बोचे उरलेले शास्त्रही त्यांना ऐकवले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले, हे कबूल केले पाहिजे, आणि मग शांतपणे विचारले, "एवढं जर असतं, तर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश का नाही आलात?"

या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण तेच खरे उत्तर आहे. शेवटचे काही किलोमीटर हलक्या पायाने आले तर टर्बो वाटेतच निवतो आणि दारात बसून आकडे मोजायची पाळीच येत नाही. गर्दीतून रांगत आलेल्या गाडीला तर त्याची मुळीच गरज नसते. मी मात्र महामार्गावरून थेट फाट्यावर वळलो होतो आणि शेवटचा चढ अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबून काढला होता, कारण पार्किंगमधली सावलीची एकमेव जागा साडेसहानंतर मिळत नाही. ती मिळालीही नाही. तिथे एक बावीस वर्षांची गाडी आधीच उभी होती.

घरी पोहोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोहोचली होती. "तुम्ही खाली गाडीत बसून राहता म्हणे," एवढेच पत्नी म्हणाली. तिचाही या प्रकरणात जुना राग आहे, कारण सकाळचा छळ तिच्या वाट्याला येतो. थंड इंजिनातले तेल घट्ट असते आणि ते बेअरिंगपर्यंत नीट पोहोचण्याआधी टर्बोला जोरात पळवणे म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाला थेट शर्यतीत उतरवणे होय. त्यावर उपाय दाराशी गाडी घुरघुरत ठेवणे हा नव्हे. काही सेकंदांत निघावे आणि पहिली दहा-पंधरा मिनिटे नरम पायाने चालवावे, हा आहे. पत्नीला उशीर झालेला असतो, मागचे लोक हॉर्न वाजवत असतात आणि मी नवी नवरी मिरवत न्यावी तशी गाडी नेत असतो. "काटा तर मध्यावर आला की," असे ती म्हणते. तो काटा कूलंटचा असतो, तेलाला तापायला त्याहून अधिक वेळ लागतो, हे मी तिला अनेकदा सांगितले आहे. तेलाचा काटा माझ्या गाडीत नाही. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली तर पट्टा लावा म्हणून जी गाडी कोकलत सुटते, तिला तेल अजून थंड आहे किंवा टर्बो अजून लाल आहे हे सांगण्याची बुद्धी का देऊ नये? उलट तिला एक बटण दिले आहे, ज्यामुळे ती प्रत्येक सिग्नलला आपणहून बंद पडते. इंजिन फार तापलेले असले तर ती तसे करत नाही आणि तिथे तिला माझ्याहून जास्त कळते, असे मला समजावण्यात आले आहे. मी तरीही रोज ते बटण दाबून बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी ते आपले पुन्हा चालू झालेले असते.

मायलेजच्या लोभाने वरच्या गिअरमध्ये रखडत चालवणारे लोक तर वेगळेच. मीही त्यांतलाच होतो. पाचव्या गिअरमध्ये बाराशे फेऱ्यांवर गाडी रेंगाळत असताना चढावर पाय पूर्ण दाबला की ती कण्हल्यासारखी थरथरते, आणि त्या थरथरण्याला मी बरीच वर्षे काटकसर म्हणत आलो. थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत अशा वेळी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेऊ शकते, आणि तो तडाखा पिस्टन किंवा त्याच्या रिंगा फोडण्याइतका जबर असू शकतो. हा उपद्रव इतका खरा आहे, की इंजिन तेलाच्या दर्जाची एसपी नावाची जी श्रेणी २०२० मध्ये आली, तिच्यात त्याविरुद्धची चाचणी घातलेली आहे. एक गिअर खाली टाकायला काहीच लागत नाही. आपल्याला मात्र गिअर खाली टाकणे म्हणजे माघार वाटते.

तेलाचा विषय निघाला की सर्व्हिसिंगच्या काउंटरवरचा तो तरुण आठवतो. तेल बदलायचे माझे वर्ष भरले होते, किलोमीटर भरले नव्हते. "चाललीच कुठे आहे, अजून सहा महिने ढकला," असे तो म्हणाला. पुस्तिकेत "जे आधी होईल ते" असे स्पष्ट छापलेले आहे. छोट्या छोट्या फेऱ्यांत पुरते न तापलेले तेल तर आणखी लवकर बिघडते. हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे जसे पाहिले, तसेच काल काकांनी पाहिले.

आज संध्याकाळी मी शेवटचे दोन किलोमीटर इतक्या सावकाश आलो की एका सायकलवाल्याने मला मागे टाकले. टर्बो निवालेला होता, थांबण्याचे काही कारण नव्हते, मी किल्लीला हात घातलाच होता. तेवढ्यात काका घाईघाईने जिना उतरून आले. कालच्या वागण्याबद्दल त्यांना रात्रभर चुटपुट लागून राहिली होती. त्यांनी आता खिडकीतून हात घालून माझेच मनगट धरले.

"बंद करू नका. बसा. मी मोजतो."

त्यांनी घड्याळाकडे पाहत मोठ्याने मोजायला सुरुवात केली. बावीसवर त्यांना स्वतःच्या गुडघ्याची आठवण झाली, त्यातून डॉक्टर निघाले, डॉक्टरांतून जावई निघाला. पाच मिनिटांनी ते थांबले, सायलेन्सरच्या दिशेने नाक वर करून त्यांनी हुंगले आणि म्हणाले, "अहो, किती पेट्रोल जाळताय!"