‘फजिती झाली’ म्हणायला काय जातं?

आज ऑफिसात इंटर्नशिपला आलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचंय. कुठून सुरुवात करू?" ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला, असं सॉफ्टवेअर. या प्रश्नाला गेली पंधरा वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे. मोझिला, म्हणजे फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणारी संस्था. आज ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. "बघून सांगतो" म्हणून मी सटकलो. तेव्हापासून स्वतःवरच चिडलोय. पोस्ट लांब होणार, आधीच सांगून ठेवतो.

२०११ ची गोष्ट. सदाशिव पेठेत मित्राच्या घरी आम्ही तिघं फायरफॉक्स मराठीत आणायला बसायचो. रात्री दहानंतर, कारण दिवसा नोकऱ्या. एक रात्र एका ओळीवर अडकलो. ब्राउझर कोसळून पुन्हा उघडला आणि जुने टॅब परत आणता आले नाहीत, की तो बापडा म्हणायचा, ‘वेल, धिस इज एम्बॅरेसिंग.’ करा आता याचं मराठी! एक म्हणाला, ‘ही शरमेची बाब आहे’. दुसरा म्हणाला, हा ब्राउझर आहे की विरोधी पक्षनेता? ‘ओशाळलो’ झालं, ‘खजील’ झालं. दीड तास गेला. काकू चहा घेऊन आल्या, ओळ समजावून घेतली आणि म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर दूध उतू गेलं की मी काय म्हणते? अगंबाई, फजिती झाली! तेच लिहा की." आम्ही ‘अरेच्चा, फजिती झाली!’ लिहून पाठवलं. पुढे तपासणाऱ्याने ते ठेवलं की उडवलं, आठवत नाही. चहा मात्र आठवतो. आलं जास्त पडलं होतं.

हे का सांगतोय, तर ज्या काळात आमच्यासारखे हजारो लोक फुकट राबत होते, त्यानंतर वरच्या मजल्यावर काय चाललं ते बघा. मिचेल बेकर, आधी मोझिलाच्या अध्यक्ष, २०२० पासून मुख्य कार्यकारी अधिकारी. २०१८ मध्ये त्यांचा मोबदला साधारण २५ लाख डॉलर. २०२० च्या ऑगस्टमध्ये सुमारे २५० लोकांना घरी पाठवलं. सर्वो नावाचं नवं ब्राउझर इंजिन, म्हणजे वेबपान पडद्यावर उभं करणारा गाभा, रचणारी टीम त्यातच गेली. २०२१ मध्ये बाईंचा मोबदला ५६ लाखांच्या आसपास, २०२२ मध्ये ६९ लाख. डॉलर बरं का. रुपयांत पन्नास कोटींच्या वर. आणि फायरफॉक्स वापरणारे? दरवर्षी कमीच.

पगारावर बोट ठेवल्यावर बाईंनी दिलेलं स्पष्टीकरण तर मला तोंडपाठ आहे. म्हणे बाहेर अशाच पदांना पाचपट मिळतं, आणि एवढी मोठी सूट लोकांकडून, त्यांच्या कुटुंबांकडून मागणं बरोबर नाही. कुटुंबांकडून! अहो, काकूंनी शंभर टक्के सूट दिली होती. वर चहा.

थांबा, जरा जास्तच बोललो. याच बाईंना २००१ मध्ये एओएलने, म्हणजे तेव्हा मोझिला जिच्या हाताखाली होती त्या इंटरनेट कंपनीने, कामावरून काढलं होतं आणि तरी त्या बिनपगारी मोझिला सांभाळत राहिल्या. हे खरं आहे आणि हे विसरणं कृतघ्नपणाचं होईल. म्हणूनच जास्त लागतं. ज्यांनी फुकट काम करून पाहिलंय, त्यांना फुकट काम करणाऱ्याचं मन कळायला नको?

माझा मुख्य राग पगारावर नाहीच. पैसा कुठे जातो यावर आहे. लेख नंतर वाचायला साठवून ठेवणारं पॉकेट विकत घेतलं २०१७ मध्ये, बंद केलं २०२५ मध्ये. खोटे रिव्ह्यू ओळखणारं फेकस्पॉट २०२३ मध्ये घेतलं, तेही २०२५ मध्येच गुंडाळलं. दरम्यान माझ्या बँकेची साइट आजही सांगते, ‘कृपया क्रोम वापरा’. आणि कमाईचा सिंहाचा वाटा येतो कुठून? गूगलकडून, फायरफॉक्समध्ये गूगल सर्च आधीपासून ठेवण्याच्या करारातून. ज्याच्याशी कुस्ती, त्याच्याच घरचा खुराक. आणखी एक, जे फार थोड्यांना माहीत असतं: तुम्ही मोझिला फाउंडेशन या ना-नफा संस्थेला देणगी देता, ती फायरफॉक्स बनवण्यासाठी वापरली जात नाही. फायरफॉक्स बनवते ती फाउंडेशनच्या मालकीची कंपनी, तिचा गल्ला वेगळा. नियमाला धरून आहे सगळं, मान्य. पण ब्राउझरसाठी म्हणून पैसे द्यायचे असतील तर ते टाकायचे कुठे?

उलट थंडरबर्ड बघा. मोझिलाने जवळजवळ ओवाळून टाकलेला ईमेलचा प्रोग्रॅम. वापरणाऱ्यांनी स्वतः देणग्या देऊन उभा केला. २०२२ मध्ये ६४ लाख डॉलर जमले. म्हणजे त्या अख्ख्या प्रकल्पाची वर्षाची झोळी एका खुर्चीच्या त्याच वर्षीच्या मोबदल्यापेक्षा लहान. हे वाचून मी लॅपटॉप मिटून गच्चीत गेलो होतो.

हो, ब्राउझर इंजिन म्हणजे शेकडो पगारी माणसांचं काम, ते काकूंच्या चहावर चालत नाही. आणि मोझिला बुडाली तर असं इंजिन बनवणारे उरणार गूगल आणि ॲपल. ठाऊक आहे. ही पोस्टही फायरफॉक्समध्येच टाइप करतोय.

बाई २०२४ च्या फेब्रुवारीत त्या पदावरून उतरल्या. नोव्हेंबरात फाउंडेशनने आपली तीस टक्के माणसं कमी केली. आणि २०२५ मध्ये मोझिलाच्या जपानी मदतलेखांचे स्वयंसेवक वर्षानुवर्षांच्या कामानंतर थांबले, कारण यंत्राने केलेली भाषांतरं त्यांच्या लेखांवर, त्यांना न विचारता, चढवली जाऊ लागली. त्यांच्याकडेही कुणी काकू असतीलच ना. एका ओळीसाठी त्यांनीही दीड तास घालवला असेल.

२००४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये फायरफॉक्सची दोन पानी जाहिरात आली होती. सुमारे १०,००० लोकांनी वर्गणी काढून दिलेली, त्यांची नावं बारीक अक्षरांत छापलेली. तेव्हा पैसा कुणाचा, काम कुणाचं, हे सांगायला लागत नव्हतं. आज निदान एकाने तरी म्हणावं, ‘फजिती झाली, माफ करा.’ ब्राउझरला जमतं ते माणसांना का जमू नये?

संध्याकाळी त्या मुलीला शेवटी दोन लिंका पाठवल्या. एक थंडरबर्डची. दुसरी, हो, मोझिलाच्याच भाषांतराची. काय करणार.

आत्ता तिचा मेसेज आला: "सर, ‘टॅब’ला मराठीत काय म्हणायचं?"

गेली आजची रात्र.