बॅरल नवी म्हणून गॅरंड नवी होत नाही

अमेरिकेत वापरलेली एम१ गॅरंड (अमेरिकी सैन्याची जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल) घ्यायला निघालेल्या माणसाला हमखास ऐकवला जाणारा सल्ला साधारण असा असतो: "बॅरल बदललेली असली की रायफल नवीच समजा. खात्री करायची तर काडतूस उलटं धरून गोळीचं टोक बॅरलच्या तोंडात घाला. पितळ तोंडाला टेकलं नाही की बॅरल पास. गो गेजवर बोल्ट मिटला आणि फील्ड गेजवर मिटला नाही की हेडस्पेस पास. वर ती मॅचसाठी, म्हणजे नेमबाजी स्पर्धेसाठी, बांधलेली असली तर बाकी काही बघायचं कारणच नाही."

(चेंबर म्हणजे काडतूस बसतं ती बॅरलची मागची पोकळी, बोल्ट म्हणजे ती मागून बंद करणारा तुकडा, आणि हेडस्पेस म्हणजे बोल्ट मिटल्यावर काडतुसाला मिळणारी लांबी. गो गेज तिचं किमान माप तपासतो, फील्ड गेज कमाल.) सल्ल्यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. गॅरंडमध्ये गॅस सिलिंडर बॅरलवर बसतो, पुढची साइट त्या सिलिंडरवर बसते, आणि ऑप रॉडचं (गॅसच्या जोराने बोल्ट मागे नेणाऱ्या दांड्याचं) पिस्टन त्याच सिलिंडरमध्ये पळतं. बॅरल काढली की ही सगळी जुळणी मोडते आणि पुन्हा करावी लागते. त्यामुळे बॅरल बदललेली रायफल न बदललेल्या रायफलीपेक्षा जास्त तपासायची असते. (भारतात सामान्य परवान्यावर सेमी-ऑटोमॅटिक रायफल मिळत नाही, तेव्हा हे सगळं अमेरिकेतल्या खरेदीपुरतंच.)

"बॅरल बदललेली म्हणजे नवी." कधी बदलली आणि त्यानंतर किती झाडली, हे दोन प्रश्न या वाक्यात गायब आहेत. ऑप रॉड मागे ओढला की रिसिव्हरच्या (बॅरल आणि बोल्ट धरणाऱ्या मधल्या सांगाड्याच्या) पुढे बॅरलच्या उजव्या अंगावर शिक्के दिसतात. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या बॅरलवर एसए, मग महिना, मग वर्ष: समजा ११ ५१. ही तारीख बॅरल तयार झाल्याची आहे, रायफलीवर चढवल्याची नाही. १९५१ची बॅरल सैन्याच्या दुरुस्ती कारखान्यात चढली असेल आणि तेव्हापासून कित्येक मालकांच्या हातून झिजली असेल. किंवा तीच बॅरल न वापरता पडून राहून अगदी अलीकडे चढली असेल. शिक्का दोन्हींत एकच. उत्तर फक्त मापात मिळतं.

शिक्के बघतानाच काडतूस कोणतं तेही पक्कं करा. मूळ गॅरंड थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) काडतुसाची, पण टार्गेटवाल्यांनी .३०८ म्हणजे ७.६२ नाटोच्या बॅरली भरपूर लावल्या आहेत. १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाने आधी जुन्याच चेंबरमध्ये पोकळ बुश ठोकून आणि नंतर नव्या बॅरली चढवून असा बदल केला होता. पहिल्या प्रकारातलं बुश कधीकधी रिकाम्या पुंगळीबरोबर बाहेर यायचं. मॅगझिनच्या पुढच्या भागात अडथळ्याचा ठोकळा दिसला तर रायफल ७.६२ची असण्याचा संभव मोठा. ठोकळा नसला म्हणून ती थर्टी-ऑट-सिक्सचीच असं मात्र होत नाही, कारण तो काढून टाकता येतो. शिक्का अस्पष्ट असेल तर चेंबरचा साचा काढून मोजल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही.

"काडतूस तोंडात घालून बघा." आधी सुरक्षेचं. जिवंत काडतूस बॅरलच्या तोंडात घालायचंच नाही. करायचंच तर प्रायमर आणि दारू नसलेलं डमी घ्या. या चाचणीने पार गेलेली बॅरल कळते, हे खरं. तोंडातले लँड (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांमधले उंचवटे) इतके झिजलेले असतात की गोळी थेट पुंगळीच्या कडेपर्यंत आत जाते. पण चांगली बॅरल या चाचणीने ठरत नाही. सैन्याच्या १५० ग्रेनच्या एम२ बॉल गोळीची निमुळती बाजू आणि १६८ ग्रेनच्या मॅच गोळीची निमुळती बाजू वेगळ्या. एकाच बॅरलमध्ये एक गोळी जास्त आत जाईल, दुसरी कमी. तुमच्या हातात कोणती आहे यावर निकाल बदलतो.

शिवाय बॅरलची दोन टोकं वेगवेगळ्या कारणांनी झिजतात. गॅरंडचा रिसिव्हर मागून बंद असल्याने सफाईचा गज तोंडाकडूनच घालावा लागतो. गाइड न लावता वर्षानुवर्षं गज घासला की तोंडाचे लँड एका बाजूने खाल्ले जातात, मग गोळ्या कमी झाडलेल्या का असेनात. चेंबरच्या पुढचा थ्रोट मात्र गरम वायूने झिजतो, आणि रॅपिड फायरच्या मालिका खेळणाऱ्याच्या रायफलीत तो लवकर जातो. मॅच रायफलीचा मालक बहुधा गाइड वापरणारा, काळजी घेणारा असतो. त्याच्या रायफलीचं तोंड उत्तम आणि थ्रोट संपलेला, हे नेहमीचं चित्र. काडतुसाची चाचणी नेमकी त्याच रायफलीला पास करते.

म्हणून दोन गेज लागतात. तोंडाच्या गेजवर ३ वाचलं तर लँडवरचा व्यास ०.३०३ इंच, मूळ माप ०.३०० असतं. थ्रोटचा गेज चेंबरच्या बाजूने जातो. सीएमपी, म्हणजे सैन्याच्या जुन्या रायफली विकणारी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही संस्था, आपल्या सर्व्हिस ग्रेडच्या गॅरंडला थ्रोट ५ किंवा कमी आणि तोंड ३ किंवा कमी ही मर्यादा लावते. टार्गेटसाठी घेणाऱ्याने दोन्ही आकडे त्याहून बरेच खाली मागावेत, कारण "मॅचची नवी बॅरल" म्हणून तुम्ही जास्तीचे पैसे मोजताय. माप घेण्याआधी चेंबर आणि थ्रोट घासून स्वच्छ करा. काजळीचा कडक थर राहिला तर गेज कमी आत जातो आणि बॅरल आहे त्यापेक्षा चांगली वाटते. गेज अंगठ्याने दाबू नका, वजनाने जेवढा जाईल तेवढाच जाऊ द्या.

एक लबाडी इथेच पकडता येते. झिजलेलं तोंड कापून किंवा आतून कोरून नवं क्राउन (तोंडाची कड) केलेलं असेल तर तोंडाचा गेज निरर्थक होतो. बोल्ट मिटून तोंडातून लाकडी काठी बोल्टच्या चेहऱ्याला टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून मोजा. २४ इंच यायला हवेत. तोंडाच्या आत उजेड टाकला आणि रायफलिंग (आतल्या पिळदार खाचा) कडेपासून सुरू न होता काही अंतर आत सुरू होताना दिसलं, तर बॅरल कोरलेली आहे.

"गो गेजवर मिटला, फील्डवर नाही, म्हणजे झालं." मापं बरोबर आहेत: थर्टी-ऑट-सिक्सला गो १.९४० आणि फील्ड १.९५० इंच; .३०८ला गो १.६३० आणि फील्ड १.६३८. बहुतेक चुका मोजण्याच्या पद्धतीत होतात. गॅरंडचा इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) स्प्रिंगच्या जोराने गेजला पुढे ढकलतो आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) त्याला तिरका धरतो. बोल्टमधून इजेक्टर, एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिन तिन्ही काढून, ऑप रॉड बाजूला ठेवून, बोल्ट फक्त बोटाने मिटवायचा. स्प्रिंगच्या झटक्याने बोल्ट गेजवर आदळू दिला तर वाचन चुकतंच, गेजही बिघडतो.

शिवाय बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच नव्या बॅरलींचं चेंबर मुद्दाम थोडं अपुरं ठेवलेलं असतं. ती चढवल्यावर त्या रायफलीचा बोल्ट वापरून ओढून चालवायच्या रीमरने चेंबर पुरं करतात. म्हणजे हेडस्पेस बॅरल, रिसिव्हर आणि तो ठराविक बोल्ट अशा तिघांचं असतं. पुढे कुणी रिसिव्हरच्या काळाशी जुळणारा बोल्ट हवा म्हणून बोल्ट बदलला, की कारागिराने दिलेला कागद रद्दी. बोल्ट तोच आहे का, हे विक्रेत्याला विचाराच, पण मोजा स्वतः. त्यानंतर बोल्टच्या दोन्ही लगांच्या (रिसिव्हरमध्ये अडकणाऱ्या कानांच्या) मागच्या बाजूला काळ्या मार्करने रेघ ओढा, ऑप रॉड लावून डमीवर आठ-दहा वेळा बोल्ट मिटवा आणि बघा. शाई दोन्ही लगांवरून पुसली जायला हवी. एकाच लगावरून गेली असेल तर सगळा मार एक लग खातोय, आणि गेजला यातलं काहीही कळत नाही.

आता ज्या गोष्टी हा सल्ला मोजतच नाही, त्यांच्याकडे. यातली सर्वांत महत्त्वाची म्हणजे बॅरल किती फिरवून घट्ट केली. ती अर्धा अंशही कमी-जास्त फिरली तर गॅस सिलिंडर तेवढाच कलतो आणि पुढची साइट एका अंगाला झुकते. घरातल्या घरात पहिली खूण अशी: मागच्या साइटची विंडेज (डावी-उजवी जुळवणी) मधोमध आणा, पुढची साइट गॅस सिलिंडरच्या खाचेत मधोमध आहे का ते बघा. ती एका बाजूला पार सरकवून बाहेर लोंबत ठेवलेली असेल, तर आधीच्या मालकाने बॅरलची चूक साइटने झाकली आहे. दुसरी खूण रेंजवर मिळते: १०० यार्डांवर झीरो करायला, म्हणजे नेम आणि गोळी जुळवायला, साध्या गॅरंडच्या साइटवर विंडेजचे बरेच क्लिक एकाच बाजूला द्यावे लागतात. क्लिक संपतात तिथे वाऱ्याला जागा उरत नाही, आणि ६०० यार्डांच्या रेंजवर ती जागा लागते.

त्यानंतर गॅस सिलिंडर हाताने धरून हलवा. नव्या बॅरलच्या खाचा आणि जुन्या सिलिंडरच्या खाचा एकमेकांना घट्ट बसतीलच असं नाही. लॉक कसलेलं असूनही सिलिंडर जरासा डुगडुगला, तर पुढची साइट दर गोळीला नव्या जागी बसते. कितीही महागडी बॅरल असो, गोळ्यांचा गट पसरणारच. बरे कारागीर इथे खाचा ठोकून घट्ट करतात. त्या ठोक्याच्या खुणा दिसल्या तर ते चांगलं लक्षण आहे.

ऑप रॉड. त्याची स्प्रिंग काढा, रॉड आणि बोल्ट जागेवर ठेवा, रायफल स्टॉकमध्ये राहू द्या. तोंड वर करा, बोल्ट आपल्या वजनाने मागे सरकायला हवा. तोंड खाली करा, पुढे येऊन मिटायला हवा. कुठे अडखळला तर तिथेच थांबवून बघा: रॉड बॅरलला घासतोय, की पुढच्या हँडगार्डला, की स्टॉकला? नव्या बॅरलवर घासण्याची चमकदार पट्टी दिसली तर चाचणीची वाटही बघू नका. मात्र गॅरंडच्या ऑप रॉडला कारखान्यातूनच वाक दिलेले असतात. "वाकडा आहे" म्हणून कुणी सरळ केलेला रॉड हा बिघडवलेला रॉड. पिस्टनचा व्यास मायक्रोमीटरने मोजा: नवा ०.५२६ इंच, ०.५२५ खाली गेला की बदला. सिलिंडरचा आतला व्यास ०.५३२ पेक्षा जास्त असेल तर तोही बदला. सावकाश जळणाऱ्या दारूची जड गोळ्यांची व्यापारी काडतुसं वापरली तर पोर्टशी दाब वाढतो आणि रॉड वाकतो. म्हणून आधीच्या मालकाने काय झाडलं ते जरूर विचारा.

"मॅचसाठी बांधलेली आहे." बांधलेली होती, बॅरल काढेपर्यंत. काचतंतूंचं बेडिंग (रिसिव्हर स्टॉकमध्ये घट्ट बसवणारा थर) त्या एका रिसिव्हरवर ओतलेलं असतं आणि प्रत्येक वेळी रायफल स्टॉकमधून काढली की थोडं झिजतं. तेल मुरलं की लाकडावरून सुटतं. ट्रिगर गार्ड मिटताना शेवटच्या साधारण पाव-अर्ध्या इंचात जोर लागायला हवा. तो सहज टपकन मिटला तर रिसिव्हर स्टॉकमध्ये हलतोय. आत बेडिंगवर सर्वत्र सारखी, मंद चमक हवी. एकाच कोपऱ्यावर चकाकी आणि बाकी खडबडीत असेल तर टेकण उरलेलं नाही.

मॅचवाल्या रायफलीत ट्रिगर घासून हलका केलेला असण्याची शक्यता मोठी, आणि जीव जाऊ शकतो तो याच भागामुळे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. बोल्ट मिटवायला फॉलोअर (मॅगझिनमधला काडतुसं वर ढकलणारा तुकडा) दाबताना अंगठा सांभाळा, बोल्ट दयामाया करत नाही. तोंड वर धरून ट्रिगरला साडेचार पौंडांचं वजन टांगा, हॅमर (फायरिंग पिनवर आदळणारा घोडा) पडता कामा नये. मग ट्रिगर दाबून धरा, ऑप रॉड पूर्ण मागे ओढून पुढे सोडा, आणि ट्रिगर अगदी सावकाश मोकळा करा. एक स्पष्ट टिक ऐकू यायला हवी. पुन्हा दाबल्यावर हॅमर पडायला हवा. हे दहा वेळा करा. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात ओढा, सोडा, सेफ्टी काढा: त्या क्षणी हॅमर पडला तर व्यवहार तिथेच संपला.

रिसिव्हरवर फार वेळ लागत नाही. निकामी करण्यासाठी कापलेले दोन तुकडे जोडून बनवलेले रिसिव्हर बाजारात आहेत. स्टॉक काढून आतल्या बाजूला घासकामाच्या खुणा, रंगातला फरक आणि ऑप रॉडच्या खाचेतली सांध्याची पायरी शोधा. सापडली तर बॅरलचे आकडे कितीही चांगले असोत, नाही म्हणा.

सगळं जुळलं तरी रेंजवर पहिल्यांदा क्लिपमध्ये (काडतुसं धरणाऱ्या पत्र्याच्या पकडीत) दोनच काडतुसं भरा. एका दाबात दोन्ही सुटली तर पूर्ण क्लिप न भरताच कळलं. ते ठीक असेल तर एकाच लॉटच्या काडतुसांचे दहा-दहा गोळ्यांचे दोन गट झाडा, मध्ये बॅरल थंड होऊ देऊन. तीन गोळ्यांचा गट कोणत्याही रायफलीत नशिबाने सुंदर येतो. १०० यार्डांवर साधी गॅरंड तीन-चार इंचांत बसते; मॅचसाठी बांधलेल्या रायफलीने दोन इंचांच्या आसपास यायला हवं. दुसरा गट पहिल्याहून सरळ वर सरकला असेल तर स्टॉककडे बघा, आडवा पसरला असेल तर आधी पुन्हा गॅस सिलिंडर हलवून बघा.