टायरचा चुरा ‘शंभर टक्के सुरक्षित’? एकेक मुद्दा तपासू या

कृत्रिम हिरवळीच्या मैदानांत आणि मुलांच्या खेळाच्या जागी जुन्या टायरचा चुरा घालतात. त्याबद्दल एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं : हा चुरा शंभर टक्के सुरक्षित आहे; पक्क्या रबरातून काही बाहेर पडत नाही; टायर वर्षानुवर्षं रस्त्यावर धावतात, त्यानं कुणाचं काय बिघडलं; शास्त्रज्ञांनी निर्वाळा दिलाय; आणि टायर कचऱ्यात कुजत पडण्यापेक्षा हे बरं.

‘काही बाहेर पडत नाही’ हे साफ खोटं आहे. रबर पक्कं करण्याच्या प्रक्रियेत, म्हणजे व्हल्कनायझेशनमध्ये, गंधक रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधतं, पण टायरमध्ये मिसळलेलं सगळंच त्यात बांधलं जात नाही. त्यातल्या ६पीपीडी या रसायनाचं तर कामच मुळी बाहेर येणं हे आहे. हवेतला ओझोन रबराला तडे पाडतो. ते टाळायला ६पीपीडी आतून सतत पृष्ठभागाकडे सरकत राहतं, ओझोनशी आधी तेच भिडतं आणि रबर वाचतं. टायरच्या बाजूंवर तपकिरी झाक चढलेली दिसते ना, ती बहुतेकदा असल्याच रसायनांची असते. शिवाय टायरचा चुरा केला की हवापाण्याला उघडा पडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. टायरमध्ये झिंक ऑक्साइडही असतं. पावसाच्या पाण्याबरोबर त्यातलं जस्त झिरपतं आणि ते पाण्यातल्या जिवांना घातक असतं.

रस्त्यावरच्या टायरनं कुणाचं बिघडलं, याचं उत्तर अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मिळालं. तिथल्या शहरी ओढ्यांत अंडी घालायला परतणारे कोहो सामन मासे पाऊस पडला की काही तासांत मरायचे. पाण्यावर येऊन तोंड उघडं टाकायचे, गोलगोल फिरायचे आणि उलटे व्हायचे. माद्यांच्या पोटात अंडी तशीच. कारण सापडायला अनेक वर्षं गेली. २०२० च्या अखेरीस तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ६पीपीडी आणि ओझोन यांच्यापासून तयार होणारं ६पीपीडी-क्विनोन हे विष त्यामागे आहे. नंतरच्या मोजणीत लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपासची मात्राही कोहोंना मारायला पुरेशी ठरली. चम ही सामनचीच दुसरी जात मात्र त्याच पाण्यात तगते. त्यामुळे एका जातीला काही झालं नाही म्हणून सगळ्यांनाच होणार नाही, असं मानता येत नाही.

निर्वाळ्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेनं २०१६ मध्ये आणि युरोपीय रसायन संस्थेनं २०१७ मध्ये खेळाडूंना असलेला धोका अत्यंत कमी असल्याचं सांगितलं. टर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीवर, खेळल्यानं कॅन्सर होतो अशी भीती घालणारे मेसेजही फिरतात; वॉशिंग्टनच्या आरोग्य खात्यानं २०१७ मध्ये फुटबॉलपटूंची आकडेवारी तपासली, तेव्हा कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळलं नाही. पण ‘धोका कमी’ म्हणजे ‘शंभर टक्के सुरक्षित’ नव्हे. म्हणून तर युरोपीय संघानं ऑगस्ट २०२२ पासून चुऱ्याच्या अशा दाण्यांत ‘पीएएच’ या गटातल्या आठ कर्ककारक रसायनांची एकत्रित मर्यादा किलोमागे २० मिलीग्रॅमवर आणली. आणि हे सारं खेळाडूंपुरतं झालं. मासे, ओढे, माती यांच्याबद्दल त्या निर्वाळ्यांतून काही निष्पन्न होत नाही.

कचऱ्याचा प्रश्न खराच आहे. टायरच्या ढिगांत पाणी साचून डास होतात, आग लागली तर ती विझता विझत नाही. पण पुनर्वापराचे सगळे प्रकार सारखे नसतात. डांबरात मिसळलेलं रबर जागच्या जागी धरून ठेवलेलं असतं. सुटे दाणे मात्र बुटांत, मोज्यांत, पावसाच्या पाण्यात अडकून मैदानाबाहेर पडतात, आणि ते मायक्रोप्लास्टिकच, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कणच, आहे. सुट्या दाण्यांची विक्री युरोपीय संघात ऑक्टोबर २०३१ पासून बंद होणार आहे ती यामुळेच.

तोवर जिथे हे दाणे आहेत, तिथे मैदानाला कडेनं अडसर हवा, नाल्याच्या तोंडाशी गाळणी हवी आणि बाहेर पडताना बूट झाडायला जागा हवी. नवं मैदान करणाऱ्यांनी पुरवठादाराकडे पीएएच चाचणीचा अहवाल मागावा, आणि मुळात बुचाच्या सालीचे दाणे चालतील का, ते आधी विचारावं.