सीबीजीबी म्हणजे टीशर्टचा ब्रँड नाही

परवा न्यू जर्सीत एडिसनला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका पोराच्या अंगावर सीबीजीबीचा काळा टीशर्ट दिसला, मी खूश होऊन विचारलं तर म्हणाला, ब्रँड आहे ना काका. अरे, सीबीजीबी हा न्यूयॉर्कमधला रॉक बँड्सचा क्लब होता! त्याची चूक नाही, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला बावरी नावाचा रस्ता आहे, क्लबचा पत्ता त्यावरचा नंबर ३१५. सत्तरच्या दशकात तिथे दारू पिऊन फुटपाथवर पडलेली माणसं आणि रात्रीपुरती कॉट भाड्याने देणारी लॉजेस एवढंच होतं. अशाच एका लॉजच्या खाली डिसेंबर १९७३ मध्ये हिली क्रिस्टल नावाच्या माणसाने हा क्लब काढला. हा आमच्या न्यू जर्सीतल्या हाइट्सटाउनला शेतावर वाढलेला, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी थिएटरच्या कोरसमध्ये गायलेला माणूस. त्याला ऐकवायचं होतं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज, म्हणजे जुन्या वळणाचं अमेरिकन संगीत, सीबीजीबी ही अक्षरं त्याचीच, आणि ते ऐकायला बावरीवर कोण येणार होतं? जागा अरुंद आणि लांबलचक, बोगद्यासारखी, टॉयलेटची अवस्था अशी की तिची आजही चर्चा होते, आणि हिलीचा कुत्रा आत मोकळा फिरायचा, घाणही तिथेच करायचा.

मग ३१ मार्च १९७४ ला टेलिव्हिजन नावाचा बँड वाजवायला आला, ऑगस्टमध्ये रमोन्स हा पंक रॉकचा बँड आला. हिलीला त्यांचं संगीत काही फार आवडलं नव्हतं. रमोन्सना तो म्हणाला होता म्हणे की तुम्ही कुणालाच आवडणार नाही, पण मी परत बोलावीन. मला हा माणूस आवडतो तो इथे. स्वतःला न पटणाऱ्या पोरांना पुन्हा पुन्हा स्टेज द्यायला फार मोठं मन लागतं, आणि तो देत राहिला म्हणून गायिका पॅटी स्मिथ, ब्लाँडी आणि टॉकिंग हेड्स हे बँड, हे सगळे तिथे घडले. १९७५ च्या उन्हाळ्यात तर त्याने रेकॉर्ड कंपनी नसलेल्या बँड्सचा फेस्टिव्हलच भरवला.

त्याचा नियम एकच महत्त्वाचा, गाणी स्वतःची वाजवायची. कारण साधं होतं असं सांगतात, दुसऱ्यांची गाणी वाजवली की रॉयल्टी भरा, ती कटकट त्याला नको होती. पण परिणाम बघा ना! पुण्यात कॉलेजला असताना आमचा चौघांचा बँड होता, आम्ही सहा गाणी स्वतः केली होती, त्यातली दोन मराठीत, आणि जिथे जाऊ तिथे एकच ऐकायचो, ओळखीचं वाजवा, लोक उठून जातील. दोन वर्षं आम्ही दुसऱ्यांचीच गाणी घासली आणि मग बँड संपला. आमची गाणी बरी होती की नव्हती हे आम्हालाही कधी कळलं नाही, कारण ती कुणासमोर पडलीच नाहीत, आणि गाणं लोकांसमोर पडल्याशिवाय सुधारत नाही हे माझं आजही ठाम मत आहे.



क्लब बंद पडला तो भाड्याच्या वादात. घरमालक म्हणजे कुणी बिल्डर नव्हता, बेघर लोकांसाठी काम करणारी संस्था होती, त्यामुळे मला कुणाला सरळ व्हिलन ठरवता येत नाही. थकबाकीच्या केसमध्ये कोर्टाचा निकाल क्लबच्या बाजूने लागला, पण लीज संपलं होतं आणि ते वाढवलं गेलं नाही. १५ ऑक्टोबर २००६ ला पॅटी स्मिथ शेवटचं गायली. पुढच्याच ऑगस्टमध्ये हिली कॅन्सरने गेला. स्वस्तातली पडकी जागा होती म्हणून हे सगळं उगवलं आणि रस्ता महाग झाल्यावर तिथे राहणं शक्य झालं नाही, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

२००८ मध्ये तिथे जॉन वार्वाटोस या फॅशन डिझायनरचं महागड्या कपड्यांचं दुकान झालं. काही वर्षांपूर्वी मी मुद्दाम गेलो होतो. लेदर जॅकेटं टांगलेली, आणि मागे जुन्या भिंतीचा तुकडा जपून ठेवलेला, त्यावर पोस्टरवर पोस्टर, स्टिकरवर स्टिकर, कडा सुटलेल्या, मार्करने खरडलेली नावं. मोठी नावं शोधायला गेलो होतो आणि अर्धा तास भलतीच वाचत उभा राहिलो, बहुतेक मी जन्मात ऐकलेली नव्हती. ती पोरंही तिथे येऊन आपापली गाणी वाजवून गेली होती.