जावई फोनात उतरले, सरबराई कशी कराल?

सर्वप्रथम, फोन चार्जिंगला लावूनच झोपत जा. पेगॅसस म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर, त्याला जावईच समजा. त्याला तुमचे मेसेज, फोटो, माईक, कॅमेरा सगळं हवं असतं. मध्येच बॅटरी उतरली तर बरं दिसत नाही. दार मात्र उघडावं लागत नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपवरच्या सुमारे १,४०० जणांना त्याने लक्ष्य केलं, तेव्हा कॉल उचलायचीही गरज नव्हती. नुसती रिंग पुरली. मानकऱ्यांत आपले पत्रकार होते, वकील होते. नागपूरचाही मान राखला गेला.

हा विकत कोण घेतं, असं विचारू नका. एनएसओ ही इस्रायली कंपनी सांगते, आम्ही फक्त सरकारांनाच विकतो. आपल्या सरकारने सुप्रीम कोर्टात 'वापरलं' किंवा 'नाही वापरलं' यातलं काहीच सांगितलं नाही. राष्ट्रीय सुरक्षा आड आली. यावरून काय समजायचं ते मनातच समजा, मोठ्याने नको. फोन जवळ आहे.

आणि कायद्यावर भरवसा ठेवा. फोन टॅपिंगच्या आदेशावर गृहसचिवांची सही लागते, न्यायाधीशांना उगाच त्रास नाही. ते आदेश योग्य होते का, हे बघायला सचिवांचीच आढावा समिती असते, दोन महिन्यांतून एकदा भरणारी. डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार तिच्यापुढे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, ना जेवण ना चहा, तरी एका आदेशाच्या वाट्याला पुरते दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्यात फाईलची फीतसुद्धा सुटत नाही हो! तुमचा सातबाराचा अर्ज पडून असेल तर तो याच समितीकडे पाठवून बघा.

संशय फारच आला तर पेगॅससची चौकशी करायला नेमलेल्या सुप्रीम कोर्टाच्या समितीचं काय झालं ते आठवा. २९ फोन तपासले, पाचांत मालवेअर निघालं, पण ते पेगॅससच का, हे ठरेना. सरकारने सहकार्य केलं नाही, असं २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं. अहवाल बंद लिफाफ्यात गेला. चौकशी कशी गोपनीय ठेवावी, हे लिफाफ्याकडून शिका. फोनला ते जमत नाही.

भरपाई? मिळते ना, अमेरिकेत. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने एनएसओला सुमारे १६.८ कोटी डॉलर भरायला सांगितले, न्यायाधीशांनी नंतर ते ४० लाखांच्या आसपास आणले. पैसे व्हॉट्सअॅपच्या मालकाला, ज्यांचे फोन पोखरले त्यांना नव्हे. तेव्हा पुढच्या जन्मी माणूस होऊ नका, अॅप व्हा.